नंबर लावण्याआधी आणि नंबर लागल्यावर

(मंठाळ येथे गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



चिटणीसांनी मला ‘आरोग्य’ हा विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हणालो, ‘‘अहो, मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. सरकारी नोकरीत रस्ते, नाल्या, शाळेच्या खोल्या यांची मापं घेण्यात माझी वीस वर्षं गेली. आरोग्यावर बोलायला डॉक्टर बोलवा.’’ ते म्हणाले, ‘‘डॉक्टर दरवर्षी येतात. साखर कमी खा, मीठ कमी खा, रोज चाला, एवढं सांगून पुढच्या कार्यक्रमाला जातात. तुम्ही मात्र घरच्यांना, शेजाऱ्यांना घेऊन कलबुर्गी, सोलापूर, हैदराबादच्या वाऱ्या करता. डॉक्टरच्या दारापर्यंत पोचायचं कसं, ते तुम्ही सांगा.’’ हे मला पटलं. म्हणून आज मी औषधावर बोलणार नाही, औषधापर्यंतच्या वाटेवर बोलणार आहे. कार्यक्रम संपल्यावर कोणी मला बाजूला घेऊन ‘गुडघ्याला कोणती गोळी चांगली’ असं विचारू नये. ते मला कळत नाही. आपल्याकडे ज्यांना कळत नाही तेच जास्त सांगतात, त्यात माझी भर नको.

दुखणी दोन तऱ्हेची असतात असं मी धरून चालतो. साप चावला, अपघात झाला, छातीत कळ आली, तर विचार करत बसायचं नसतं. 108 ला फोन करायचा आणि जवळचा दवाखाना गाठायचा. त्यावर आज बोलायचं नाही. दुसरं दुखणं घरात राहायलाच येतं. साखर, बीपी, थायरॉईड, दमा, फिट, किडनी, संधिवात. पाहुणा आला आणि चार दिवसांनी गेला असं ते नसतं, ते घरजावई असतं. आपली अडचण अशी की या दुसऱ्या दुखण्यालाही आपण पहिल्यासारखंच वागवतो. सहन होतं तोवर अंगावर काढायचं. एका रात्री असह्य झालं की सकाळी जीप ठरवून ‘मोठ्या डॉक्टरकडे’ पळायचं. पाच-सहा हजार खर्च करून, पिशवीभर गोळ्या घेऊन यायचं. महिन्यात गुण आला नाही की दुसरा मोठा डॉक्टर. त्याच्याकडे गेल्यावर पहिल्याचे कागद घरी राहिलेले, म्हणून सगळ्या तपासण्या पुन्हा. असं करत करत माणूस चार शहरं फिरतो आणि उपचार मात्र एकही पुरा होत नाही.

आपल्या भागात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. मंठाळ बिदर जिल्ह्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं गाव, पण दवाखान्याच्या बाबतीत आपण चौरस्त्यावर उभे आहोत. सस्तापूर बंगल्यावर जाऊन उभं राहिलं की डावीकडची गाडी उमरगा-सोलापूरला जाते, उजवीकडची हुमनाबादवरून हैदराबादला. खाली आळंदवरून कलबुर्गी, वर भालकी-उदगीर. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात आलो. तोवर बिदर जिल्ह्यातच असलेले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. राज्यांच्या रेषा बदलल्या, आजाऱ्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात ‘मिरजेला नेलं होतं’ हे वाक्य येतं ना, ते वानलेस साहेबाच्या मिशन हॉस्पिटलमुळं. 1894 साली ते दवाखान्याचं काम मिरजेत सुरू झालं. माणसं बैलगाडीनं स्टेशनपर्यंत जायची आणि पुढं रेल्वेनं. हैदराबादचं आजचं निम्स हे आधी निजाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल होतं. जुनी मंडळी अजून त्याला ‘हड्डीका दवाखाना’च म्हणतात.

म्हणजे निवडीला जागा भरपूर. आणि निवडीला जागा भरपूर असली की ज्याचा मेहुणा जिथं बरा झाला, तिथं आपण जातो. मेहुण्याला काय झालं होतं हे कोणी विचारत नाही.

आता एक घरचं उदाहरण सांगतो. आमच्या थोरल्या वहिनींना विचारूनच सांगतोय, त्या समोर तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. वहिनींची बोटं सकाळी आखडायची. दोन्ही हातांची, सारखीच. उठल्यावर मूठ वळत नव्हती. भाकरी थापताना तळहात टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून पीठ मळून जाऊबाईंकडे द्यायच्या आणि ‘मी कालवणाचं बघते’ म्हणायच्या. घरात कोणाला पत्ता नाही. बायका अशा युक्त्या करतात. विहिरीच्या पाण्यानं होतंय, वारा लागला, पन्नाशी जवळ आली, अशी सगळी कारणं झाली. घरोघर येऊन सुई देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या सुईनं तीन दिवस हात हलके व्हायचे आणि चौथ्या दिवशी परत लाकूड. मग कोणीतरी आठवडी बाजारातून पुड्या आणल्या. पुड्यांनी तर चमत्कार केला, आठ दिवसांत वहिनी पळायला लागल्या. दोन महिन्यांत चेहरा सुजला. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडल्याच्या बातम्या येत असतात. त्या पुडीत काय होतं ते देवाला माहीत, पण ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं हे आम्हाला पुढं डॉक्टरांनी समजावलं. स्टेरॉईड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर ते हळूहळू उतरवावं लागतं, आणि ते डॉक्टरनंच उतरवायचं.

एक गोष्ट मला इथं बोललीच पाहिजे. म्हैस एक वेळ दूध देईनाशी झाली तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर गोठ्यात असतो. त्या म्हशीचं दूध काढणाऱ्या हाताची बोटं आखडली तर वर्ष निघून जातं. हे मी कोणाला टोचायला म्हणत नाही. पण हा जो संधिवात आहे, तो पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो, आणि पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. एकदा बोट वाकडं झालं की औषधानं सरळ होत नाही. म्हणून या दुखण्यात एक वर्ष म्हणजे फार मोठी किंमत आहे.

पुढची अडचण, कोणाकडं जायचं? सांधा दुखतो म्हणजे हाडाचा डॉक्टर, हे आपलं गणित. हाडाचा डॉक्टर म्हणजे एम.एस. ऑर्थो, तो शस्त्रक्रियेचा माणूस. मोडलेलं हाड, झिजलेला गुडघा, घसरलेला मणका हे त्याचं क्षेत्र. वहिनींचं दुखणं हाडाचं नव्हतंच. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. याला रुमेटॉईड आर्थ्रायटिस म्हणतात. हे काम एम.डी. मेडिसिनवाल्यांचं, आणि त्यातही पुढं शिकलेल्या रुमेटॉलॉजिस्टचं. असे डॉक्टर मुळात कमी, ते मोठ्या शहरांत. तसंच प्रत्येक दुखण्याचं आहे. थायरॉईड आणि अवघड साखरेला एंडोक्रिनॉलॉजिस्ट, फिटला न्यूरॉलॉजिस्ट, किडनीला नेफ्रॉलॉजिस्ट. मुतखडा काढणारा यूरॉलॉजिस्ट वेगळा. किडनी निकामी होत चाललेला माणूस मुतखड्याच्या डॉक्टरकडं फेऱ्या घालताना मी पाहिला आहे. बोर्डावरची पदवी वाचायला शिका. नावापुढची शेवटची दोन अक्षरं तुमचे दोन महिने वाचवतात.

पण ही पदवी आपल्याला लागते कोणती, हे ठरवायचं कोणी? मेहुण्यानं नाही, मीही नाही. ते तालुक्याच्या साध्या एम.डी. डॉक्टरनं ठरवायचं. वहिनींना आम्ही आधी बसवकल्याणलाच दाखवलं. त्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, रक्ताच्या तीन-चार तपासण्या लिहिल्या, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी. आणि आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका किंवा निगेटिव्ह आला म्हणून नाचू नका असंही सांगितलं. धडधाकट माणसातही तो कधी पॉझिटिव्ह येतो आणि आजार असलेल्यात कधी निगेटिव्ह. मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली. काय तक्रार, किती दिवस, काय सापडलं, आतापर्यंत काय दिलं. ही अर्ध्या पानाची चिठ्ठी मी सोन्याच्या भावानं धरतो. मोठ्या शहरातला डॉक्टर आपल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून जे काढतो, ते एका डॉक्टरनं दुसऱ्याला चार ओळींत सांगितलेलं असतं. चिठ्ठी मागायला लाजू नका. ‘तुमच्यावर विश्वास नाही म्हणून दुसरीकडं चाललो’ असा तिचा अर्थ होत नाही. उलट पुढची रोजची देखरेख त्यांच्याकडंच करायची असते, ते मी सांगतोच.

सरकारीचा विचार आधी करा, हेही सांगून ठेवतो. बिदरचं ब्रिम्स 2007 पासून आहे, कलबुर्गीचं जिम्स 2013 पासून. तिथं मेडिसिनचे शिकवणारे डॉक्टर बसतात. साखर-बीपीच्या साध्या गोळ्यांसाठी तर खासगीत जायचं कारणच नाही. मात्र जो विशेष डॉक्टर तिथं नाही, त्याच्यासाठी खासगीत जावं लागतं, तेव्हाची ही गोष्ट.

नंबर लावणं. आपल्याकडं नंबर लावणं म्हणजे पहाटे चारला निघून दवाखान्याच्या पायरीवर बसणं. आता बहुतेक ठिकाणी फोनवर नंबर मिळतो, पण फोन करणाऱ्याला काय विचारायचं ते ठाऊक नसतं. आम्ही हैदराबादला फोन केला तेव्हा पुतणीनं वहीत प्रश्न लिहून घेतले होते. डॉक्टर स्वतः बघतात की आधी असिस्टंट बघतो? बाहेरगावी कॉन्फरन्सला वगैरे जाणार आहेत का? तपासणीची फी किती आणि त्याच फीमध्ये किती दिवसांत रिपोर्ट दाखवता येतो? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कुठं सात दिवस, कुठं पंधरा. उपाशीपोटी यायचं का? आमच्याजवळ अमुक रिपोर्ट आहेत, ते चालतील की परत करावे लागतील? एवढं पाच मिनिटांत होतं, आणि फोन उचलणाऱ्या बाईसुद्धा नीट उत्तरं देतात, कारण असे प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. ‘साहेब आहेत का’ एवढंच सगळे विचारतात.

दुसरा प्रकार आपल्या तालुक्यात वाढलाय. मेडिकलच्या दुकानाबाहेर बोर्ड लागतो, अमक्या शहरातले अमके तज्ज्ञ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. सोय चांगली आहे, जायला हरकत नाही. मी दोनच गोष्टी पाहतो. एक, चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर छापलेला आहे का. तो छापणं नियमानं बंधनकारक आहे. दोन, मधल्या तीस दिवसांत काही झालं तर फोन कोणाला करायचा. ‘पुढच्या रविवारी या’ हे उत्तर जुनाट दुखण्याला पुरत नाही. कर्नाटकात 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा आहे. त्याखाली दवाखान्याची नोंदणी लागते आणि दरपत्रक लावावं लागतं. भिंतीकडं एकदा नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. आमच्याकडं एम.बी. असते, मेजरमेंट बुक. जेवढं काम झालं त्याची मापं त्या दिवशी, त्या जागेवर लिहायची. पान फाडायचं नाही, मधली ओळ रिकामी सोडायची नाही, खोडलं तर सही करायची. ठेकेदार बदलला, इंजिनिअरची बदली झाली, तरी एम.बी. उघडली की कालपर्यंत काय झालं ते कळतं. बिल त्यावरच निघतं. मला नेहमी वाटतं की ज्या घरात जुनाट दुखणं आहे, त्या घरात एक एम.बी. पाहिजे. वहिनींची फाईल आम्ही तशीच केली. तीस रुपयांची प्लास्टिकची फाईल, आणि पहिल्या पानावर पुतणीच्या अक्षरात नाव, वय, वजन, कशाची ॲलर्जी, पोटाचं एक ऑपरेशन झालेलं त्याचं साल, दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या वेळी जास्त होतं, आणि आत्ता चालू असलेल्या गोळ्या. पुडीसुद्धा लिहिली. भाऊ म्हणाले, पुडीचं कशाला, डॉक्टर रागावतील. मी म्हटलं, रागावले तर रागावू देत, पण त्यांना कळलं पाहिजे. पुढं डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

कागद तारखेप्रमाणं लावा, जुना खाली, नवा वर. ईसीजीचा कागद तापणाऱ्या मशीनचा असतो, वर्षभरात कोरा होतो, त्याची झेरॉक्स काढून ठेवा. गोळ्या संपल्या तरी शेवटची पट्टी नावासकट फाईलमध्ये ठेवा, कारण ‘ती पांढरी, मधी चीर असलेली’ या वर्णनाच्या हजार गोळ्या आहेत. फोनमध्ये प्रत्येक कागदाचा फोटो घ्या. आणि आधी दाखवलेल्या दवाखान्यात कागद राहिले असतील तर मागून घ्या. रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा 2002 चा नियम आहे. भांडण करायची गरज नाही, एक साधा अर्ज लिहून पोच घ्या. सरकारी नोकर म्हणून सांगतो, पोच घेतलेला कागद लवकर हलतो.

फाईल झाली, नंबर लागला, आत गेलो. आत आठ-दहा मिनिटं मिळतात. ही आठ मिनिटं आपल्याकडं कशी जातात? डॉक्टर बाईला विचारतात आणि उत्तर नवरा देतो. आमच्याकडंही तेच झालं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, सकाळी बोटं किती वेळ जकडलेली असतात? भाऊ म्हणाले, ‘‘थोडी देर.’’ डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि वहिनींकडं पाहिलं. वहिनींना मिनिटं सांगता येईनात. मग त्या म्हणाल्या, ‘‘उठल्यापासून दूध काढून होतं, चहा होतो, पोरं शाळेला जातात, तेव्हा कुठं मूठ वळती.’’ मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं, दीड तास. अर्ध्या तासाच्या वर आखडलेलं राहणं याला या दुखण्यात फार अर्थ असतो म्हणे. ‘थोडी देर’ आणि दीड तास, औषध कोणतं आणि किती, हे याच फरकावर ठरणार होतं.

म्हणून सोबत जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, दुखणाऱ्याला बोलू द्या. आपण फक्त भाषा सांभाळायची. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, मुंग्या वेगळ्या. कलबुर्गीत गेलात तर नोवु म्हणजे दुखणं, बावु म्हणजे सूज, उरि म्हणजे आग. हैदराबादला हिंदी चालून जाते. सगळ्याला ‘दर्द’ म्हणून मोकळं होऊ नका. आणि बाईमाणसाच्या सोबत एक बाई असू द्या. काही गोष्टी दिरासमोर, भावासमोर निघत नाहीत. याच आजाराची काही औषधं दिवस गेलेल्या बाईला अजिबात चालत नाहीत, मूल हवं असेल तर आधी सांगावं लागतं. तरुण सून असेल आणि खोलीत सासरा उभा असेल तर ती ते सांगणार आहे का?

बाहेर पडण्याआधी चिठ्ठी तिथंच वाचून घ्यायची. हे का सांगतो ते ऐका. वहिनींना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली. या आजारात ती जगभर दिली जाते, स्वस्त आहे, चांगली आहे. पण ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलं, आणि पुतणीनं फाईलमध्ये मराठीत ‘फक्त रविवारी’ असं लिहून डॉक्टरांना दाखवून घेतलं. दुसऱ्या महिन्याची गोळी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून आणली. दुकानातल्या पोरानं सवयीनं पाकिटावर लिहून दिलं, रोज सकाळी एक. त्या पोराचं नाव घेत नाही, दिवसाला शंभर पाकिटांवर तो तेच लिहितो. पुतणीनं संध्याकाळी फाईल उघडून ताडून पाहिलं आणि पाकीट फाडून टाकलं. अकरावीतली पोरगी आहे. पाकिटावर विश्वास ठेवून वहिनी गोळी घेत राहिल्या असत्या, तर आज त्या तिसऱ्या ओळीत असत्या का, हा विचार मी करत नाही.

त्याच गोळीबरोबर फोलिक ॲसिड असतं, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी. आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन. यासाठी दर वेळी हैदराबादला जायची गरज नाही. आम्ही पहिल्याच भेटीत विचारून घेतलं, रक्त बसवकल्याणला तपासून रिपोर्ट फोनवर पाठवला तर चालेल का? डॉक्टर हो म्हणाले. 2020 पासून फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याला सरकारी मार्गदर्शक नियम आहेत, त्यात ओळखीच्या रुग्णाची पुढची तपासणी बसते. मग आम्ही असं ठरवलं की एक भेट समोर, एक फोनवर. आणि मधल्या काळात ताप आला, खोकला आला, तोंड आलं, तर आधी बसवकल्याणचे तेच डॉक्टर, ज्यांनी चिठ्ठी दिली होती. मोठ्या शहरातला तज्ज्ञ नकाशा काढून देतो, रोजच्या कामावर उभा राहणारा माणूस जवळच लागतो.

आता धीराची गोष्ट. ही औषधं पॅरासिटॅमॉलसारखी तासाभरात काम करत नाहीत. सहा ते बारा आठवडे लागतात. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, आम्ही फाईलवर तारीख घालून ठेवली होती. तरी पाचव्या आठवड्यात भाऊ म्हणाले, ‘‘गुण नाही, सोलापूरला एकजण चांगला आहे म्हणतात.’’ सोलापूरला चांगले डॉक्टर आहेतच, प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा की पाचव्या आठवड्यात डॉक्टर बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. पुतणीनं तारीख दाखवली, अजून सात आठवडे. भाऊ गप्प बसले. दहाव्या आठवड्यात वहिनींनी भाकरी थापली. पहिली तुटली, दुसरी जमली. पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. सकाळचं आखडणं दीड तासावरून वीस मिनिटांवर आलं, आणि गोळ्या चालूच राहणार आहेत. मनात नसताना दुसरं मत घेऊच नका असं नाही. पण घ्यायचं तर फाईल बगलेत मारून, ठरलेली मुदत भरल्यावर घ्या.

पैशाचं बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल नोकरदाराला काय. आरोग्य कर्नाटक योजना 2018 पासून आहे. आयुष्मान भारतला जोडलेली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या खासगी दवाखान्यात त्यातून उपचार घ्यायचे तर तातडीचं सोडून सरकारी दवाखान्याची रेफरलची चिठ्ठी लागते. ती न घेता थेट गेलेली माणसं बिल भरून परत आलेली मला माहीत आहेत. पण नीट लक्षात घ्या, या योजना मुख्यतः दाखल होण्यासाठी आणि ऑपरेशनसाठी आहेत. आपण जे बोलतोय, बाहेरून दाखवणं, फी, रक्ततपासणी, महिन्याच्या गोळ्या, ते बहुतेक खिशातूनच जातं. आम्हा राज्य सरकारी नोकरांची ज्योती संजीवनीसुद्धा मोठ्या आजारांतल्या दाखल उपचारांसाठीच होती, आणि तशीही वहिनी माझ्या नोकरीच्या कागदावर ‘कुटुंब’ होत नाहीत. महाराष्ट्र शासनानं 2023 साली सीमाभागातल्या 865 गावांसाठी आपली जनआरोग्य योजना आणायचं ठरवलं आणि त्यावर दोन्हीकडं बराच गदारोळ झाला. मी कर्नाटक सरकारचं मीठ खातो, त्या वादात पडत नाही. फक्त एवढंच, की तीही योजना दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे.

खरा खर्च फीचा नसतो, प्रवासाचा आणि परत परत केलेल्या तपासण्यांचा असतो. जीप ठरवण्याऐवजी सस्तापूर बंगल्यावरून बस धरली तर अर्ध्याहून जास्त पैसे वाचतात. कलबुर्गीला दाखवायचं असेल तर शक्ती योजनेमुळं बायकांना राज्याच्या आतल्या साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट नाही, रुग्णही फुकट आणि सोबतची बाईही फुकट. डॉक्टर निवडताना हा हिशोब मनात धरायला काही कमीपणा नाही. दर तीन महिन्यांनी जाणं जिथं परवडेल, तोच आपला डॉक्टर. एकदा जाऊन परत न परवडणारा, कितीही मोठा असो, आपल्या कामाचा नाही. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात विचारा, मात्र गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून.

आणि शेवटचं, हे सगळं करायचं कोणी? घरोघर उत्तर ठरलेलं असतं, जो नोकरीला आहे त्यानं. मग त्याला रजा नसते, आणि तारीख चुकते. आमच्या घरी फाईल माझ्याकडं नाही, पुतणीकडं आहे. रविवारी गोळी, महिन्याला रक्त, पुढची तारीख, सगळं तिच्या फोनमध्ये. मी फक्त सुट्टी असेल तेव्हा सोबत जातो. घरातल्या एका माणसाचं नाव या कामाला घाला, आणि त्याला घरातल्यांनी विचारत जा, तारीख कधी आहे म्हणून.

मी येताना दहा रिकाम्या फायली आणल्या आहेत, चिटणीसांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पहिल्या पानाचा नमुना पुतणीनं लिहून आत घातला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी न्या. संपल्या तर पुन्हा आणतो. कोणाला फोनवर काय विचारायचं ते कळत नसेल तर रविवारी सकाळी मी घरी असतो, आपण मिळून फोन लावू. आरतीची वेळ झाली आहे, पाट मांडलेला दिसतोय.  गणपती बाप्पा मोरया.